गोलातून सुरुवात

"ही सुरुवातीची फाइल कुणी बनवली?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मीच," ताई म्हणाली. "सतरा वर्षांपूर्वी."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सर पेन्सिलीला टोक काढत बसले होते. अणुकेंद्रांच्या गणिताचा हा विभाग त्यांचा; ताई तिथली कंत्राटी गणक. आजच्या बैठकीत तिला कायम करण्याचा विषय होता, आठव्या क्रमांकावर. पण पहिल्याच विषयाला गाडी अडली. परक्या एका विद्यापीठाने विभागाचे सहा शोधनिबंध चुकीचे ठरवले होते.

चूक साधी होती. विभागाच्या गणिताच्या पद्धतीत अणुकेंद्रातला एक कण दुसऱ्या कणाला विचारत नाही. सगळ्यांचं मिळून जे सरासरी क्षेत्र बनतं, त्यातच तो फिरतो. मग कणांवरून पुन्हा क्षेत्र काढायचं, क्षेत्रावरून पुन्हा कण, दोन्ही जुळेपर्यंत. ताईच्या फाइलमध्ये हे सुरुवातीचं क्षेत्र अगदी गोल मांडलेलं होतं. गोलातून सुरुवात केली की दर फेरीला गोलच हाती येतो. मुळात लांबट असलेलं अणुकेंद्रही मग गोलच निघतं.

"मी सरांना विचारलं होतं," ताई म्हणाली. "थोडं ताणून सुरू करू का म्हणून. दोनदा विचारलं."

"लेखी आहे का काही, ताई?" सरांचा आवाज मऊ होता.

लेखी कुठलं असणार! "तुम्ही आकडे फिरवा हो, भौतिकी आमच्यावर सोडा," असं सर तेव्हा म्हणाले होते आणि सगळे खो खो हसले होते. त्यांतले चौघे आज समोरच बसले होते. ताईने एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकाने आधी शेजाऱ्याकडे पाहिलं आणि मग कागदांत डोकं खुपसलं.

"अहो, तुम्ही तर आमच्या घरच्याच," सर म्हणाले. "चूक पोटात घालूच की. फक्त फाइल तुमची होती, एवढं लिहून द्या."

"आणि माझा विषय?"

"आता कसा मांडणार?" अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी ताईला पंचेचाळीस पुरी होणार होती आणि कायम नेमणुकीची वयोमर्यादा तिथेच संपत होती. त्या खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. कंत्राट मात्र दर वर्षी सरांच्याच सहीने वाढायचं. ताईने लिहून दिलं.

दुपारी तिने क्षेत्र ताणलं आणि पहिलं अणुकेंद्र गणिताला लावलं. एकशे बारा फेऱ्यांनी ते लांबट होऊन स्थिरावलं, गोलापेक्षा कितीतरी घट्ट बांधलेलं, म्हणजे हाच त्याचा खरा आकार. सर मागे येऊन उभे राहिले.

"बघा! मी केव्हापासून म्हणतोय, ताणून बघा म्हणून."

"हो ना सर," शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"बाकीची सहाशे अणुकेंद्रं कधी होतील, ताई?"

"आठवडा लागेल."

"चार दिवसांत करा."

सर गेले. ताईने खुर्ची जरा पुढे ओढली आणि दुसऱ्या अणुकेंद्राचे आकडे भरायला घेतले.