नवीन काही नाही, मॅडम

जमाल होडेकरला कुणीही विचारावं, "यात नवीन काय?" की त्याच्या तोंडून आपोआप यायचं, "काही नाही साहेब, जुनंच आहे." लहानपणी पाठ केलेला पाढा झोपेतसुद्धा म्हणता येतो ना, तसं. हे उत्तर त्याला जयगडच्या धक्क्यावर शिकायला मिळालं होतं आणि ते शिकताना तो चांगला पोळला होता. पण म्हणून काय झालं? जन्मात पहिल्यांदा एक सरकारी बाई त्याचं यंत्र कौतुकानं बघायला आली, दुबईत त्याच्याच अल कूजमधल्या गाळ्यात आली, आणि या बाबानं तिलाही तेच उत्तर दिलं. आता काय म्हणावं या कर्माला!

पण आधी यंत्राचं सांगायला हवं.

जमालच्या बापाचा जयगडला बर्फाचा लहानसा कारखाना. बर्फ करणारं मशीन पुढून थंड करतं आणि मागून तापतं. ती मागची गरम हवा सगळे बाहेर फेकून देतात. जमालच्या डोक्यात आलं, फेकायची कशाला? कोकणात ऑगस्टमध्ये बोटी निघतात, मासळी येते आणि ऊन काही येत नाही. सुकवायला टाकलेली मासळी ओलीच राहते, वास मारते आणि शेवटी खतात जाते. जमालनं मशीनच्या पाठीमागे एक बंद खोली केली, गरम हवा पंख्यानं आत घेतली आणि काठ्यांवर बोंबील टांगले. बाहेर धो धो पाऊस आणि आत बोंबील कडकडीत. शहरबानूनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिले चार तव्यावर टाकले आणि खाता खाता म्हणाली, "अहो, दाताखाली वाळू नाही आली!" त्या दिवशी जमालला वाटलं होतं, आता आपण दहा खोल्या बांधणार.

पहिला साहेब आला. "हा बर्फाचा कारखाना की मासळी सुकवायचा?"

"दोन्ही साहेब. नवीनच काढलंय."

'नवीन' ऐकून साहेबाचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू! नवीन म्हणजे वेगळा परवाना. वेगळ्या परवान्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. रकाना नाही म्हणजे फाइल जिल्ह्याला जाणार आणि जिल्ह्याहून मुंबईला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. थांबायचं नसेल तर चहापाणी. जमालनं चहापाणी केलं. मग दुसऱ्या खात्याचा साहेब आला, त्याला पहिल्यानंच पत्ता दिला होता. मग तिसरा, तो म्हणाला सील ठोकतो. शेवटी भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली. जमालनं खोलीच्या दारावर गंजका पत्रा ठोकला, त्यावर खडूनं 'जुना पंखा' असं लिहिलं आणि अळीमिळी गुपचिळी करून बसला. दुसरी खोली बांधली नाही, कारण मोठं झालं की दिसतं. शेजारच्या बर्फवाल्यालाही दाखवलं नाही, कारण त्यानं केलं तरी दिसतं. कुणी विचारलं तर, "काही नाही साहेब, जुनंच आहे." अख्ख्या धक्क्यावर ते यंत्र एकच राहिलं, तेही पत्र्यामागे; मासळी आतबाहेर व्हायची ती रात्री, पत्रा काढून. पुढे जमालचं मनच उडालं. कारखाना धाकट्या भावाच्या, मोईनच्या, हवाली करून तो बायकोला घेऊन दुबईला आला आणि एसी, कोल्डरूम दुरुस्त करू लागला.

आता अल मनखूलमध्ये जुन्या बिल्डिंगीत घर, लेक नबिला ऊद मेथाच्या शाळेत अकरावीला, गाळ्यात दोन माणसं हाताखाली. बरं चाललं होतं. पण गाळ्याचा मालक यंदा भाडं वाढवून मागत होता. महिना सात हजार दिरहम. "म्हणजे दीड लाखाच्या वर!" असं शहरबानू रोज एकदा मोठ्यानं म्हणायची, जणू रुपयात म्हटलं की मालकाला लाज वाटेल. नवरा-बायकोचं ठरलं होतं, नबिलाची शाळा संपली की खलास, सामान बांधायचं.

तेवढ्यात अस्मिता भेटली. मूळची पुण्याची, जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिस, लोकांना कंपन्या काढून देणं हे तिचं काम. त्या ऑफिसचा एसी दुरुस्त करताना जमालनं सहज बोंबलाची गोष्ट सांगितली आणि ती खुर्चीतून उठलीच. "जमालभाई, ही तर कमाल आयडिया आहे! इथं केवढी कोल्ड स्टोरेज आहेत, सगळ्यांची गरम हवा वाया जाते. इथल्या सरकारची एक स्कीम आहे. मशीन नवीन असेल तर दोन वर्षं शेड फुकट देतात. अप्लाय करू या ना."

"नवीन म्हटलं तर चालतं?" जमालनं विचारलं. अस्मिताला वाटलं तो चेष्टा करतोय.

जमालनं गाळ्याच्या मागे यंत्र पुन्हा बांधलं. रात्री घरी आला की अंगाला सुक्या मासळीचा वास, आणि नबिला नाक दाबून म्हणायची, "अब्बा, प्लीज, शॉवर फर्स्ट!" पण बऱ्याच वर्षांनी तो कामावरून शीळ घालत येत होता. शहरबानूनं ते ऐकलं होतं. सामान बांधायची भाषा तिनं तेव्हापासून बंद केली.

आणि मग हेस्साबाई आल्या. योजनेच्या मुख्य परीक्षक, इथल्याच, काळा अबाया, हातात टॅबलेट, हिंदी छान बोलणाऱ्या. सोबत दोन तरुण. त्यांनी खोलीत डोकं घातलं, बांगडा हातात घेऊन मोडून बघितला, हसल्या. मग विचारलं, "बहुत अच्छा. तर मिस्टर जमाल, यात नवीन काय आहे?"

टॅबलेट. सरकारी माणूस. प्रश्न. जमालची पाठ आपोआप वाकली, हात जोडले गेले.

"कुछ नया नहीं, मॅडम. पुराना पंखा है. सब पुराना है."

"हे आधीपासून लोक वापरतात?"

"हां मॅडम, सब लोग. बहुत पहले से."

बाईंनी एकदा त्याच्याकडे नीट बघितलं, टॅबलेटवर काहीतरी लिहिलं, शुक्रिया म्हणून निघाल्या. गाडी वळली तेव्हा कुठे जमालच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि तो तिथंच उपड्या क्रेटवर बसला.

दोन दिवसांनी अस्मिताचा फोन. "जमालभाई, रिजेक्ट केलं. लिहिलंय, अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार यंत्रात नवीन काही नाही. तुम्ही असं खरंच म्हणालात?"

जमालनं फोन ठेवून दिला.

घरी शहरबानूनं मात्र बोलायचं काही ठेवलं नाही. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला तुम्हाला दुबईच मिळाली? ती बाई परवाना मागत होती की पाकीट मागत होती? नुसतं विचारत होती हो!"

"तोंडातून गेलं गं."

"गेलं कसं?"

"दुधानं तोंड पोळलंय ना. ताक दिसलं की फुंकतोय." त्याचे डोळे भरून आले. "आपण काहीतरी केलं हे सांगायचीच भीती वाटते मला. चोरी केल्यासारखं वाटतं."

शहरबानूचा राग तिथंच ओसरला. या माणसानं पत्रा ठोकला तेव्हा हातोडीच्या जागी दगड वापरला होता आणि खिळे तिनं धरले होते. ती त्याच्याजवळ बसली. "उद्या जाऊन सांगा. जे आहे ते सांगा. नाही म्हणाल्या तर निदान खरं बोलून तरी घरी जाऊ."

अस्मितानं खटपट करून बाईंच्या ऑफिसात पुन्हा वेळ मिळवली. हेस्साबाई शांत होत्या, पण गोडव्यानं बोलत नव्हत्या. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात जुनं आहे. आज म्हणता नवीन. मी दोन्ही कसं लिहू?"

जमाल खुर्चीच्या कडेवर बसला होता. शेजारी शहरबानू, मागे फोन धरून नबिला, तिला सुट्टी होती. जमालनं घसा साफ केला.

"मॅडम, नवीन आहे," तो म्हणाला. मग सरळ बसला आणि पुन्हा म्हणाला, "मी बनवलंय. माझ्या आधी कुणी बनवलं नव्हतं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"का?"

"सवय आहे, मॅडम." यापुढे तो गेला नाही.

बाईंनी टॅबलेटवर लिहून घेतलं. "ठीक आहे. पण हे वर्षानुवर्षं चालतं याचा पुरावा? गाळ्यातलं यंत्र दोन महिन्यांचं आहे."

"जयगडला आहे ना, काकांकडे!" नबिला इंग्रजीत म्हणाली. "अब्बा, लेट्स व्हिडिओ कॉल."

मोईननं फोन उचलला. मागे पाऊस कोसळत होता.

"मोईन, पत्र्याच्या आत जे आहे ते दाखव. इथं मॅडम बघतायत."

मोईनचं तोंड उतरलं. "आत्ता? भाई, दिवसाढवळ्या? धक्क्यावर माणसं आहेत. कुणी बघितलं, कुणी जाऊन सांगितलं म्हणजे? परवाच एक नवीन साहेब आलाय बदली होऊन."

"मोईन, माझं सगळं यावर आहे रे."

मोईननं डोकं खाजवलं, मागे वळून बघितलं. मग फोन कुठंतरी टेकवून ठेवला. बाहेरचं दार लावल्याचा आवाज आला, कडी घातल्याचा आला. खिळे उपटताना पत्रा किंचाळला. आणि मग फोनच्या त्या चौकोनात खोली दिसली. रांगाच रांगा बोंबील, पिवळसर, कडक, पंख्याच्या वाऱ्यावर एका लयीत हलणारे. बाहेर पावसाचा गदारोळ आणि मोईनच्या हातात मोडलेल्या बोंबलाचा कट्ट आवाज. यंत्र बांधल्यापासून एक दिवस बंद नव्हतं.

हेस्साबाई पुढे झुकल्या. पुष्कळ प्रश्न विचारले, मोईननं चाचरत उत्तरं दिली, जमालनं हिंदीत सांगितली. अखेर त्या मागे टेकल्या आणि हसल्या, पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशाच. "मबरूक, मिस्टर जमाल. शेड तुमची. पत्र पुढच्या आठवड्यात येईल, इन्शाल्ला."

शहरबानूनं पदर डोळ्यांना लावला. नबिला "येस्स!" म्हणून ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. जमाल फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "मोईन, झालं रे! मिळालं!"

"मुबारक भाई, मुबारक!" मोईन खरोखर खूश झाला होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझं झालं ना? मग मी पत्रा लावू परत?"

"अरे, राहू दे आता उघडा. आणखी एक खोली बांध. मी पैसे पाठवतो."

"तू तिथं बसून बोलतोस, भाई. मला इथं राहायचंय."

मोईननं पत्रा उचलला, अंगानं रेटून दारावर बसवला आणि दगडानं खिळे मारू लागला. बोंबील एक एक रांग करून दिसेनासे झाले. शेवटी उरला गंजका पत्रा आणि त्यावर खडूनं पुन्हा पुन्हा गिरवलेली अक्षरं.

हेस्साबाई अजून बघत होत्या. "इतकी चांगली गोष्ट," त्यांनी विचारलं, "तो झाकून का ठेवतोय?"

खरं बोलायला तर जमाल आला होता. सगळं जिभेवर होतं, पहिल्या साहेबापासून तिसऱ्यापर्यंत. पण पत्र्यावर मोईनचे हात दिसत होते, गाव आपलं होतं आणि विचारणारी बाई परक्या देशाची. त्याला फार लाज वाटली. स्वतःची नाही, पण वाटली.

"समुद्राजवळ आहे ना, मॅडम," तो म्हणाला. "खारी हवा लागते. गंज चढतो."

बाईंनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.