न्यायद्वाराजवळची रांग

विसी सव्वीस वर्षं ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा महालातल्या नक्षीदार फरशांबद्दल शिकवत आली होती आणि ग्रानादाला एकदाही गेली नव्हती. ती आल्बासेतेच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. दरवर्षी मार्चमध्ये नववीच्या वर्गात चित्र भिंतीवर टाकायचं, त्या नक्षीत एकच आकृती कशी सरकते, फिरते, उलटते ते दाखवायचं आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणायचं, "तिथं उभं राहिलं की कळतं." हे वाक्य तिला इतकं आवडायचं की ते आपल्याला लागू नाही, हेच ती विसरून गेली होती.

त्या मंगळवारी त्रियाना नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही उभ्या राहिलात तिथं?"

"अर्थात."

"मग कसं वाटतं ते सांगा ना. गणित नको, नुसतं कसं वाटतं."

"सोमवारी सांगते," विसी म्हणाली, जणू ते घरी कपाटात ठेवलेलं होतं.

घरी जाऊन तिनं तिकिटं शोधली. महिनाभराची सगळी संपलेली. कुणीतरी रद्द केलेलं एक तेवढं हाती लागलं: शनिवार, राजमहालात प्रवेश साडेचार ते पाच. सोमवारपर्यंत खोट्याचं खरं करायला एवढाच अर्धा तास होता.

शनिवारी सकाळच्या स्वस्त बसनं ती ग्रानादाला उतरली. हॉस्टेलात सहा जणींच्या खोलीत वरचा पलंग मिळाला. त्याची शिडी बावन्न वर्षांच्या गुडघ्यांसाठी बनवलेली नव्हती. टॉवेलचं भाडं वेगळं होतं, म्हणून तिनं घरून स्वयंपाकघरातला आणला होता, कोंबड्यांच्या चित्रांचा. दुपारचं जेवण बारमध्ये उरकलं. ग्रानादात पेयाबरोबर बशी फुकट येते. दोन छोट्या बिअर मागवल्या की आधी वांग्याचे तळलेले काप येतात, मग भात. तिसरी मागवली असती तर मासेही आले असते, पण डोकं जाग्यावर हवं होतं.

सव्वाचारला ती चढ चढून महालाकडे नेणाऱ्या न्यायद्वारापाशी पोहोचली. उन्हात परदेशी पाहुण्यांची एक सरळ रांग उभी होती, एकामागे एक, शाळेतल्या मुलांसारखी. विसीला त्यांची कीव आली. रांग म्हणजे काही ओळ नव्हे. आपला नंबर कुणामागे आहे ते विचारून घ्यावं आणि खुशाल सावलीत बसावं. एवढं तर आल्बासेतेच्या मासळीबाजारातल्या लहान पोरालाही कळतं. पलीकडे झाडाखाली वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या कठड्यावर, पायऱ्यांवर, जमेल तिथं टेकले होते. ही आपली माणसं. ती त्यांच्याकडे गेली.

"शेवटचं कोण?"

टोपीवाल्या एका आजोबांनी हात वर केला. "मी, पोरी. एलादिओ."

"मग तुमच्यामागे मी."

"बस की इथं. कासिल्दा, जरा सरक, जागा दे तिला."

त्यांची बायको कासिल्दा सरकली. "याच्यामागे नंबर लावलास म्हणजे संध्याकाळ झालीच समज," ती म्हणाली. "लग्नालासुद्धा शेवटी पोहोचला होता हा."

"पोहोचलो ना पण?"

"पोहोचलास. तेच तर."

विसी मनापासून हसली. उन्हातली रांग हळूहळू दारातून आत जात होती. गटवाले असतील, त्यांचं वेगळं असतं, असा तिनं निष्कर्ष काढला. चार पस्तीसला एक छोटी बस आली आणि पुढचे आठ-नऊ जण चढून निघून गेले. कंटाळले बिचारे, विसीला वाटलं. आपला नंबर मात्र पुढे सरकला. चार पन्नासला दुसरी बस आली, आणखी काही जण गेले. पाचच्या आत रांगेत असलं की पुरे, अशी विसीची खात्री होती. लोकांना धीर कसा तो नाही, असं ती कासिल्दाला म्हणालीसुद्धा. कासिल्दानं मान डोलावली, कारण हे ती नवऱ्याबद्दल नेहमीच म्हणायची.

पाच वाजून दोन मिनिटांनी तिसरी बस आली. एलादिओ उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "चल पोरी, आला आपला नंबर."

"कशाचा?"

"बसचा. खाली जायचंय ना?"

विसीनं बसकडे पाहिलं. मग खांबावरच्या पाटीकडे पाहिलं. पाटी पाऊण तास तिच्या डोक्यावरच होती.

"तुम्ही महाल बघायला नाही थांबलात?"

"तो सकाळीच बघितला. तू कशाला थांबलीस?"

ती पळत सुटली. दारातून आत, चढावरून वर. भाताच्या बशीबद्दल वाटेत तिला पश्चात्ताप झाला. महालाच्या दाराशी पोहोचली तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. पहारेकऱ्यानं तिकीट दोनदा वाचलं.

"पाचपर्यंत होतं, मॅडम."

"मी सव्वाचारपासून इथंच आहे. रांगेत होते."

"माझ्या रांगेत नव्हतात तुम्ही. कुठल्या?"

"बसच्या."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हसायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं स्पष्ट दिसत होतं. "आत माणसं मोजून सोडतात. तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच बसच्या रांगेतून येतील. माफ करा."

मुद्दा बिनचूक होता. तिनंही परीक्षेत कुणाला नऊ मिनिटं जास्त दिली नसती.

ती खाली आली तर झाडाखाली एलादिओ आणि कासिल्दा बसलेलेच होते.

"बस सोडली," एलादिओ म्हणाले. "चुकलंच माझं."

"शेवटचं कोण म्हटलं की हा हात वर करतो," कासिल्दा म्हणाली. "कशासाठी ते विचारायचं नाही. दवाखान्यात याच्यामागे एकजण तासभर बसला. त्याला हवा होता दाताचा डॉक्टर."

"त्यानंही विचारलं नाही ना. हिनं तरी कुठं विचारलं?"

"नाही विचारलं," विसी म्हणाली. मग सव्वीस वर्षांचं सगळंच तिनं त्यांना सांगून टाकलं. कासिल्दानं ऐकून घेतलं आणि पर्समधून फोन काढला.

"एवढंच ना? सकाळचे दोनशे फोटो आहेत. सगळे घे. पोरांना सांग, तूच काढलेस. कोण विचारणार आहे?"

ते खरंच होतं. कोणीही विचारलं नसतं. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये विसीनं आल्बासेतेपर्यंत ते फोटो पाहिले. एकशे एक्क्याण्णव फोटोंत एलादिओ होते. उरलेल्या नवांत कासिल्दाचा अंगठा. फरशा सगळ्यांत होत्या, मागे, थोड्या थोड्या. इतकं चांगलं खोटं तिला याआधी कधीच बोलता आलं नसतं.

सोमवारी तिनं त्यातलाच एक, त्यांनी कुणाकडून तरी काढून घेतलेला फोटो भिंतीवर टाकला. निळ्या-हिरव्या फरशांपुढे दोन म्हातारी माणसं डोळे बारीक करून उभी होती.

"बाई, हे कोण?" त्रियानानं विचारलं.

"एलादिओ आणि कासिल्दा."

"मग तुम्ही कुठं आहात?"

विसीनं वर्गाकडे पाहिलं. "मी यात नाही. मी आत गेलेच नाही. या शनिवारीही नाही आणि त्याआधीही कधी नाही. मंगळवारी तुला सांगितलं ते खोटं होतं."

"पण शनिवारी गेला होतात ना तुम्ही?"

"गेले होते. बसच्या रांगेत पाऊण तास बसले आणि उन्हात खऱ्या रांगेत उभ्या लोकांची कीव केली."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. विसीनं त्यांना हसू दिलं. सव्वीस वर्षांत तिच्या तासाला असा आवाज झाला नव्हता. मग तिनं खडू उचलला.

"आता, ही आकृती ज्या बिंदूभोवती फिरते तो शोधा. दिसतो यात. आजोबांच्या टोपीच्या जरा डावीकडे."