दोन उशांचा दाब

साहेब, दोन उशांवर मोजलेल्या दाबावरून तुम्ही माझ्या बहिणीला नापास केलंत. हृदय बदलायच्या यादीत तिचं नाव घालायचं नाकारलंत आणि नाकारताना रिपोर्टाचं एकच पान वाचलंत. दुसरं उलटायला बोटाला थुंकी लावायचा कंटाळा आला असेल.

मी नागसेन. कंधारला बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो, पाइपलाइन टाकतो. रेणुका माझी धाकटी बहीण, शिरूर अनंतपाळजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाळंतपणानंतर तिचं हृदय ढिलं पडलं. तीन वर्षं गोळ्यांवर काढली. आता खुर्चीवरून फळ्यापर्यंत गेली तरी धाप लागते. डॉक्टर म्हणाले, हृदय बदलावं लागेल, पण त्याआधी फुप्फुसातला रक्ताचा दाब बघावा लागेल.

ते का, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. जुनं हृदय ओढत नसलं की रक्त मागं तुंबतं, फुप्फुसातल्या नळ्या कडक होत जातात. चोंदलेल्या पाइपावर नवीकोरी मोटार बसवली तर दुसऱ्या दिवशी जळते. आमच्या धंद्यात मोटार जळली की गिऱ्हाईक शिव्या देतं. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईकच राहत नाही. म्हणून मोजता, बरोबर आहे तुमचं.

लातूरला मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत घातली आणि दाब मोजला. सेहेचाळीस आला. औषध देऊन परत मोजला, चव्वेचाळीस. पंधरा दिवसांनी तुमच्या समितीचं पत्र आलं: दाब चाळीसच्या वर, यादीत घेता येत नाही, फेरतपासणी सहा महिन्यांनंतर.

रेणुकानं पत्र वाचून घडी घातली. म्हणाली, "दादा, जास्त मार्क पडले म्हणून नापास झालेली मी पहिलीच."

ती हसली आणि हसण्यानं तिला दम लागला. पाणी देता देता मी सहज विचारलं, तुला झोपवलं कसं होतं? ती म्हणाली, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून सिस्टरनं पाठीखाली दोन उशा घातल्या. लई मायाळू सिस्टर होती. आणि तो दाब मोजायचा डबा? तो बाजूच्या दांडीला बांधला होता, चिकटपट्टीच्या खुणेवर.

माझ्या डोक्यात तिथंच उजेड पडला. टाकी वर आणि गेज खाली असलं की गेज जास्त दाखवतं. आमच्या वाडीतलं पोरगंही सांगेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं. तिथला तंत्रज्ञ पंचाक्षरी, भला माणूस. त्याला चहा पाजला आणि पट्टीचं विचारलं. आधी तो म्हणाला, ती तांत्रिक बाब आहे. मी खिशातून गवंड्याची लेव्हलची नळी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा नरमला.

"भाऊ, ती पट्टी माझ्या आधीपासून हाय," तो म्हणाला. "पेशंट सपाट झोपला की छाती बरोबर त्या खुणेला येते. उशा घातल्या तेव्हा डबा वर घ्यायचा राहिला."

म्हणजे सगळ्या लातूर-नांदेडाचं काळीज एकाच उंचीवर, आणि ती उंची चिकटपट्टीनं ठरवलेली.

आम्ही दोघं उशा घालणाऱ्या त्या मंजुश्री सिस्टरकडं गेलो. त्याच दोन उशा मागितल्या. सिस्टर म्हणाली, अठरा वर्षांत उशा मोजायला आलेला नातेवाईक बघितला नव्हता. रिकाम्या टेबलावर मीच आडवा झालो. पंचाक्षरीनं पाण्याची नळी धरली, सिस्टरनं पट्टीपासून माझ्या छातीच्या मध्यापर्यंतची उंची मोजली. बारा सेंटीमीटर. रेणुका माझ्यासारखीच अंगानं काटकुळी, फार तर बोटभर फरक पडेल. बारा सेंटीमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे नऊ. सेहेचाळिसातून नऊ गेले की सदतीस. हे मी म्हणत नाही, पंचाक्षरीनं स्वतः हिशोब केला आणि कपाळावर हात मारला.

आणि ते राहू द्या. उशा तुम्ही बघितल्या नाहीत, मान्य. पण दुसऱ्या पानावर फुप्फुसाच्या पलीकडचा दाब लिहिलाय, तेहेतीस. दोन्ही आकडे त्याच डब्यानं मोजलेले, दोन्ही सारखेच फुगलेले. वजाबाकी केली तर तेराच राहतात, आणि तो तेराचा फरक खोटा नाही. फुप्फुस किती अडलंय हे त्या फरकावरनं कळतं आणि पंधराच्या आत असला तर चालतं, हे मला पंचाक्षरीनं पाच मिनिटांत शिकवलं. तिसरीच्या पोरांना रेणुका हातचा घेऊन वजाबाकी शिकवते. तुमच्या समितीत सात डॉक्टर आहेत.

पंचाक्षरीनं चूक लिहून दिली, खाली सही केली. मी म्हणालो, नोकरीवर येईल रे. तो म्हणाला, आली तर तुझ्याकडं मोटारींचं वाइंडिंग भरायला येतो.

ते कागद मी तुम्हाला पाठवले. उत्तर आलं: नातेवाइकाचे म्हणणे वैद्यकीय पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, नियमाप्रमाणे सहा महिने थांबावे. पंचाक्षरीच्या सहीबद्दल एक अक्षर नाही.

मी लातूरच्या डॉक्टरांना विचारलं, सहा महिन्यांनी काय होईल? ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, हृदय असंच राहिलं तर दाब खरोखर वाढत जाईल. म्हणजे आज तुमचा आकडा चुकलाय, आणि तो खरा व्हायची तुम्ही वाट बघताय. तेव्हा सपाट झोपवून, पट्टी सोडून, नीट मोजाल आणि म्हणाल, बघा, आम्ही म्हणत होतोच.

लातूरचे डॉक्टर उद्या मोजायला तयार आहेत. मशीन तयार आहे, पंचाक्षरी तयार आहे. रेणुका तर बॅग भरून बसली आहे. अडलंय ते तुमच्या एका ओळीच्या परवानगीवर. ती देता का नाही? हाव का न्हाई, एवढंच लिहा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.