तिप्पट तेलाचा धूर

सुज्ञ वाचकहो, पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे हा विषय आपणांस क्षुद्र वाटेल. तथापि त्याच मापातील चुकीने माझ्या आयुष्यातून नुबिया कशी निघून गेली, ते मी येथे यथार्थ निवेदन करणार आहे.

आमच्या आत्रातो नदीकाठी रस्ता म्हणजे पाणीच. माझ्या नावेच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पन्नास भाग पेट्रोलास एक भाग ऑइल लागते. ऑइल अगोदर, पेट्रोल मागाहून, मग डबा हलवायचा, हे मला नुबियानेच शिकविले. तिचे वडील नावाडी होते. परंतु ऑइल जास्त पडले की निळा धूर निघतो आणि वळणापलीकडूनही झाडांवर दिसतो. तो पाहून ती धक्क्यावर येई, म्हणून मी मुद्दाम दुप्पट ओतीत असे.

"काय रे, मासे भाजत आलास का?" ती हसे. "प्लग मरेल हां एक दिवस!"

"मरू दे. तू दिसतेस ना!"

पुढे तिला मेदेयीन शहरी नोकरी लागली. तिने निरोप धाडला: 'मंगळवारी दहाच्या नावेने निघते. थांबवायचं असेल तर त्याआधी ये.'

त्या दिवशी तिला धूर लांबूनच दिसावा, म्हणून मी तिप्पट ओतले. शेवटच्या वळणाआधी इंजिन दोनदा खोकले व बंद पडले. प्लग काढला, तो काजळीने माखलेला, ओला. सदऱ्याने पुसला तरी ठिणगी पडेना. जादा प्लग नव्हता. वल्हे घेतले, प्रवाह उलटा.

धक्क्यावर तिची आत्या दोमितिला कच्ची केळी सोलत बसली होती.

"या जावईबापू! आत्ता उगवलात?"

"नुबिया कुठंय?"

"गेली. धूर दिसला तशी पिशवी खाली ठेवून उभी होती बघ. नाववाला ओरडतोय, तरी हटेना. मग धूर विरला. म्हणाली, 'आत्या, परत फिरला गं तो.' आणि चढली."

मी तीन पत्रे लिहून धूर का थांबला ते सविस्तर कळविले. तिसऱ्याचे उत्तर आले. तिचे लग्न ठरले होते. शेवटी एवढेच: 'आता तरी माप नीट घाल.'

मी माप काटेकोर घेतो. इंजिन निर्मळ चालते, धूर नसतो. परंतु ते वळण आले की नजर धक्क्याकडे जाते आणि मनात येते, आज थोडे जास्त ओतायला हवे होते.

आपण हे वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

एलादियो रेंतेरिया, नावाडी