अण्णारावांचं मशीन

“सर, हितं अण्णाराव काकांचं नाव येतंय,” वैष्णवी म्हणाली आणि तिनं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

नेटवर्कची कामं करणारा सिद्धनाथ तिच्या खुर्चीमागं उभा होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात तो आठवडाभर रोज येत होता. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले संगणक रुसत. एक म्हणे, सर्व्हर सापडत नाही. दुसरा पासवर्ड मागे, आणि बरोबर दिला तरी चुकीचा म्हणे. तिसऱ्यावर मात्र बिलं बिनबोभाट निघत. सुट्टी संपली की सगळं आपोआप सुरळीत. सिद्धनाथनं वायरी बदलल्या. यंत्रमागांमुळं व्होल्टेज खालीवर होतंय म्हणून यूपीएस बदलून पाहिला. मालक सयाजीराव सकाळीच म्हणाले होते, “राग मानू नका, पण असंच चाललं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

म्हणून आज ऐन बिघाडाच्या वेळी त्यानं वैष्णवीला नेटवर्कवर एकच प्रश्न विचारायला लावला. सर्व्हरच्या पत्त्यावर कोण आहे? उत्तरात सर्व्हरचं नाव यायला हवं होतं. आलं, ‘अण्णाराव’.

अण्णाराव कारखान्यात चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढत. गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. त्यांच्या मागं मालक डिझाइनचं काम बाहेर द्यायला लागले होते.

“त्यांचं मशीन कुठं असतं?” सिद्धनाथनं विचारलं.

“मागं, डिझाइन रूममधे. पण ते बंद हाय की. तिकडं कोण जातंय?”

सिद्धनाथ सांगोल्याकडचा. घरी मेंढरं. आई मायाक्का अजून फोनवर विचारायची, “तू नेमकं काय करतोस रं तितं?” तो सांगायचा, “हाक मारतो आन् कोण ओ देतंय ते बघतो.” आईला ते लगेच पटायचं. शहरात पंधरा-वीस ऑफिसांची नेटवर्क त्याच्याकडं होती. सगळं नीट चालू असलं की त्याची कुणालाच आठवण येत नसे. फोन वाजला की समजायचं, कुठंतरी काहीतरी अडलंय. हे त्यानं कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं.

तो मागं गेला. डिझाइन रूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दाक्षायणी बसल्या होत्या, अण्णारावांच्या पत्नी. त्या घडी विभागात कामाला होत्या. टेबलावर डबा उघडला होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी. समोर जुन्या मॉनिटरवर एका चादरीचं डिझाइन होतं. तीन कोपऱ्यांत फुलं भरलेली, चौथा कोपरा मोकळा.

त्याला बघून त्या उठायला लागल्या.

“बसा, मावशी. जेवा.”

“ऊटा आतेन्री?” त्यांच्या तोंडून सवयीनं कानडी गेलं. मग त्याच हसल्या. “जेवला का म्हणलं. अर्धी भाकरी घ्या.”

सिद्धनाथनं स्टूल ओढलं आणि भाकरी घेतली. दाक्षायणी बोलायला लागल्या.

“आमी दोगं हितंच जेवायचो. जेवताना पण त्यांची नजर ह्याच्यातच. मी म्हणायची, ताटाकडं बघा. आता मी ह्याच्यात बघत बसते. चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, तेवढंच मला शिकवलंय. बाकी कशाला हात लावत न्हाई. काय बिघडलं का हो?”

“बिघडलं न्हाई. नवीन सर्व्हर बसवला तवा ह्या मशिनचाच पत्ता त्याला दिलाय. हे बंदच हाय असं सगळ्यांनी धरलं. आता तुमी हे चालू केलं की एका हाकेला दोगं ओ देत्यात. ऑफिसातल्या पोरींना कळंना कुणाशी बोलावं.”

दाक्षायणींनी पदरानं ओठ पुसले.

“म्हंजे ह्यांनीच ओ दिली म्हणा की.”

सिद्धनाथ मशिनच्या मागं वाकला. “ही एक वायर काढली की भागतंय. चित्र दिसंल. फकस्त बाहेरची हाक ह्याला ऐकू यायची न्हाई.”

“आन् ह्यांचं नाव?”

“तितं दिसायचं न्हाई.”

त्यांनी डब्याचं झाकण हातात घेतलं, परत ठेवलं. “काढा,” त्या म्हणाल्या. “पोरींचं काम अडाय नको.”

वायर काढताना खटकी दाबली गेल्याचा बारीक आवाज झाला. चौथ्या कोपऱ्यातली मोकळी जागा तशीच उजळ होती.

सयाजीरावांनी विचारलं तेव्हा सिद्धनाथनं खरं ते सांगितलं. जुनं मशीन भंगारात जाईल ही धाकधूक त्याला होती, म्हणून त्यानं पुढं जोडलं, “आता त्याचा काहीच त्रास नाही, साहेब. तिथंच राहू द्या.”

सयाजीराव समोरच्या बिलांवर सही करत होते. पेन थांबलं. “दाक्षायणीबाई बसतात होय तिथं,” ते म्हणाले. “पंखा बंद पडलाय त्या खोलीतला. दुरुस्त करायला सांगतो.”

त्यानंतर कारखान्यातून फोन आला नाही. पावसाळा उलटल्यावर सिद्धनाथ दुसऱ्याच कामाला तिकडं गेला आणि जेवणाच्या सुट्टीत डिझाइन रूममध्ये डोकावला. पंखा फिरत होता. दाक्षायणी खुर्चीत होत्या, समोरचा पडदा काळा.

“कालपासून लागत न्हाई,” त्या म्हणाल्या.

त्यानं बटण दाबून पाहिलं, कान लावला. मशीन आत चालू होतं. “मॉनिटर गेलाय नुसता. माझ्याकडं एक जुना हाय. संध्याकाळी आणून बसवतो.”

दाक्षायणी वाकल्या आणि शिकवलं होतं तसं बटण दाबून धरलं. आतला आवाज थांबला.

“नको,” त्या म्हणाल्या. “त्यांनी बी दमावं किती.”

डबा उचलून त्या बाहेर निघाल्या. व्हरांड्यात घडी विभागातल्या बाया गोल करून जेवत होत्या. त्यातली शिवबाई जरा सरकली, जागा झाली. दाक्षायणी खाली बसल्या आणि डबा उघडून त्यांनी पहिली भाकरी मोडून मधे ठेवली.