चव्वेचाळीसच्या वर

दिल्लीत आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टर्सच्या गच्चीवर मे महिन्यात वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. तापमान चव्वेचाळीसच्या वर गेलं की काम थांबवायचं, असं अलकनंदाताईंनी कॉलनीच्या मीटिंगमध्ये भांडून ठरवून घेतलं होतं. वीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलेल्या त्या बाई. त्यांच्या बाल्कनीत मुलीने वाढदिवसाला पाठवलेलं छोटं वेदर स्टेशन होतं. त्याचाच आकडा धरायचा, हेही ठरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्याने ४९.३ दाखवलं. ताई धावत गच्चीवर गेल्या. ठेकेदार हसला.

"मैडम, आपकी मशीन झूठ बोलती है. मेरे फोन में बयालीस है."

शेजारी घमेलं घेऊन उभी असलेली मजूर रामरती क्षणभर थांबली, मग पदराने तोंड पुसून पुन्हा कामाला लागली.

घरी आल्यावर त्यांचे यजमान सूर्यकांत म्हणाले, "अगं, एकोणपन्नासच लावून धर ना. काम थांबलं म्हणजे झालं."

"आणि उद्या तो आकडा खोटा ठरला तर? मग पन्नास झाले तरी माझं कोण ऐकेल?"

ताईंनी बर्फ फोडला, त्यात थोडं पाणी घातलं आणि स्टेशनचा सेन्सर पिशवीत गुंडाळून आत खुपसला. अर्ध्या तासाने आकडा आला ०.२, वितळत्या बर्फाच्या शून्याला अगदी लागून. म्हणजे सेन्सर धड होता. चुकत होती ती जागा. दुसऱ्या दिवशी त्या दुपारभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या. दीडनंतर ऊन थेट सेन्सरवर येत होतं, आणि खालच्या घराच्या एसीचा गरम झोत सरळ वर. तिथे पाच मिनिटं हात धरवत नव्हता.

शनिवारी त्यांनी सरोजिनी नगरहून पांढऱ्या प्लास्टिकच्या डझनभर बशा आणल्या. सूर्यकांतांनी कुरकुरत ड्रिल काढलं. मधल्या बशांची पोटं कापून, फटी ठेवून, एकावर एक बशा बसवल्या. आत सेन्सर. वारा खेळेल, पण ऊन लागणार नाही. माळ्याने दिलेल्या लोखंडी पाइपवर ते सगळं बागेतल्या हिरवळीवर उभं राहिलं, भिंतींपासून लांब.

सोमवारी दुपारी आकडा आला ४३.१.

ताईंनी तो दोनदा पाहिला. मग स्वतःच गच्चीवर जाऊन ठेकेदाराला सांगितलं, "मेरी रीडिंग गलत थी. आज काम चलेगा."

ठेकेदार बघतच राहिला. रामरती मात्र जिन्यापाशी हळूच म्हणाली, "पहले वाला ही रहने देतीं, दीदी."

ताईंनी घरून माठ आणि जुनी चादर आणवली, आणि चादर बांधून सावली होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. रात्री जेवताना "चुकलं का माझं?" त्यांनी एकदाच विचारलं. सूर्यकांतांनी मान हलवली, "नाही गं."

गुरुवारी सकाळपासूनच गरम वाऱ्याची लू सुटली होती. एक वाजून वीस मिनिटांनी आकडा ४४.८ झाला. ताईंनी ठेकेदाराला खाली बोलावलं. त्याने फोन काढला. तिथे त्रेचाळीस होते. त्याने बशांखाली हात घालून पाहिला, एसी कुठे आहे ते पाहिलं, आणि फोन खिशात ठेवला.

"उस दिन आपने खुद कहा था कि गलत थी," तो म्हणाला. "तो आज की भी मान लेता हूँ."

मग वर बघून ओरडला, "चलो, सब नीचे! पाँच बजे आना."

सगळे उतरले. रामरती कडुलिंबाखाली पाय पसरून बसली आणि पाइपाकडे बोट दाखवून म्हणाली, "दीदी, ये बर्तन करते क्या हैं?"

अलकनंदाताई तिच्याशेजारी गवतावर बसल्या आणि समजावून सांगू लागल्या.