घरात माणसं किती

आमच्या अलेक्झांड्रियात कोणालाही विचारा, घरात माणसं किती, आणि उत्तर खोटंच येणार. ज्याचं घर पोराबाळांनी भरलेलं, तो दृष्ट लागेल म्हणून निम्मी पोरं गिळून टाकतो. जी बाई एकटी, ती आतल्या खोलीत चार दांडगे मुलगे उभे करते. गटार खात्यातली माझी सारी नोकरी या खोट्या उत्तरांतून खरं काढण्यात गेली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, दारातल्या चपलांकडे बघायचं. दोरीवरच्या कपड्यांकडे बघायचं.

यंदा पैसे एकाच गल्लीपुरते होते. सांडपाण्याचा नवा मोठा नळ, खाली पाणी साठवायची विहीर, वर पंप. दावेदार दोन, साबणवाल्यांची गल्ली आणि तिच्या मागची सुतारांची. दोन्हीकडचं रडगाणं एकच. दर थोड्या वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर चढतं, रस्ता उंच होतो आणि तळमजले खाली जातात. मग नोव्हेंबरात मकनसा येतं. आमच्या हिवाळी वादळांना नावं असतात, हे झाडूवालं. ते आलं की गटारं उलटतात आणि घाण पाणी पायऱ्या उतरून थेट पलंगाखाली.

"उस्ताज वगीह, मला रडगाणी नकोत, डोकी आणा," आमची मोठी इंजिनीअर समीहा म्हणाली. "खर्च दोन्हीकडे सारखाच आहे. जिथं जास्त माणसं कोरडी राहतील, तिथं पंप."

पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलणं स्वच्छ. मला पटलं.

सुतारांच्या गल्लीत एका बाईनं दार अर्धवट उघडलं. "दोनच आहेत हो. देवाची लेकरं." दारात चपलांचा ढीग, आणि आत कोणीतरी कोणाला तरी चावल्याची बोंब.

"दोनच?"

"दोनच. आणि असे आत डोकावू नका, तुमचा डोळा जड दिसतो."

मी अकरा लिहिले. तान्ही पोरं जमिनीवरच अंथरूण टाकून झोपवलेली होती.

साबणवाल्यांच्या गल्लीत उम्म रागिबचं, म्हणजे रागिबच्या आईचं, तीन मजली घर होतं. ती स्वतः तळमजल्यावर, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. "आम्ही आठ, माशाल्ला," ती म्हणाली. "रागिब वर झोपलाय, रात्रपाळी होती ना." मग जिन्याकडे तोंड करून ओरडली, "रागिब! ऊठ रे, सरकारी माणूस आलाय!" वरून काही आवाज आला नाही. "झोपाळू आहे नुसता," असं पुटपुटत तिनं मला चहा दिला.

दोरीवर पुरुषांचे शर्ट होते. उन्हानं खांदे विटलेले, चिमट्यांचा गंज कापडात उतरलेला. ते शर्ट कोणी अंगात घालून युगं झाली होती.

मला तिथंच कळलं होतं. तरी मी फेरतपासणीच्या नावाखाली पुन्हा गेलो, आणि पुन्हा गेलो. खरं सांगतो, चहासाठी गेलो. बायको गेल्यापासून माझ्या घरात मी किल्ली फिरवली की जो आवाज होतो, तोच दिवसातला शेवटचा आवाज. उम्म रागिबकडे निदान कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं.

"घरी बायको वाट बघत असेल," ती म्हणायची.

"हो, तिचा स्वयंपाक झाला असेल," मी म्हणायचो. "आणि रागिब?"

"आत्ताच गेला बघा. जरा आधी आला असतात तर भेटला असता."

दोघंही शुद्ध थापा मारत होतो आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. एकदा तिनं मला मुलूखिया जेवू घातली. चांगली झाली होती, पण एका माणसापुरती शिजवलेली भाजी दोघांत वाटली की कळतंच.

बेरजा झाल्या. दोन्ही गल्ल्या जवळजवळ बरोबरीला. उम्म रागिबचे आठ धरले तर पंप साबणवाल्यांना, एक धरला तर सुतारांना. एका पारड्यात ती, दुसऱ्यात जमिनीवर झोपणारी ती तान्ही पोरं. मी एक लिहिला. तो हिशेब बरोबर होता, आजही तेच म्हणेन.

निर्णय कळल्यावर साबणवाल्यांनी गलका केला. म्हणून समीहा मला घेऊन त्यांच्या कहवाखान्यात गेली. इस्त्रीवाला हसनैन सगळ्यांच्या पुढे.

"आमची गल्ली लहान म्हणता? अहो, एकट्या उम्म रागिबकडे आठ माणसं!"

"काका, तिथं एकच बाई राहते," समीहा शांतपणे म्हणाली. "उस्ताज वगीहनी स्वतः पाहिलंय."

फासे खेळणाऱ्यांनी हात आवरले. मला वाटलं, खोटं पकडलं गेल्याची शरम असेल. मग पाहिलं तर सगळे दाराकडे बघत होते. उम्म रागिब तिथं उभी होती, डोक्यावरचा काळा पदर दातांत धरून. तिनं माझ्याकडे पाहिलं, वळली आणि आपल्या चार पायऱ्या उतरून गेली.

"आम्हाला काय ठाऊक नव्हतं?" हसनैन मला हळू आवाजात म्हणाला. "पोरगा इटलीला जातो म्हणून होडीत बसला, त्याला किती हिवाळे झाले. पण रोज सकाळी मी दुकान उघडताना विचारतो, उम्म रागिब, रागिब उठला का? ती म्हणते, उठतोय. अख्खी गल्ली विचारते. आता उद्या काय विचारू, सांग ना उस्ताज. तू शिकलेला आहेस."

समीहाच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता, आणि असता तरी त्यात काय लिहायचं ते मला आलं नसतं.

पावसाआधी सुतारांचा पंप बसला. मकनसा आलं, शहर झोडपून गेलं. सकाळी मी आधी सुतारांकडे गेलो. गल्ली ओली होती, पण घरं कोरडी. ती डोळ्याला घाबरणारी बाई उंबऱ्यावर पोरांना फूल, म्हणजे वालांची उसळ, भरवत बसली होती. मला बघताच तिनं सगळ्यात धाकट्याला पदराआड घेतलं. मला बरं वाटलं, खरंच वाटलं.

मग बादली घेऊन साबणवाल्यांकडे गेलो. उम्म रागिबच्या शेवटच्या दोन पायऱ्या पाण्याखाली होत्या. दोरी रिकामी होती. वादळानं शर्ट नेले की तिनंच काढले, कोण जाणे. गुडघाभर काळ्या पाण्यात उभा राहून मी दार ठोठावलं. आत पाण्यात कोणीतरी पाय हलवल्याचा आवाज झाला.

"हाज्जा, मी वगीह. पाणी उपसायला आलोय."

"ओळखला आवाज," ती दारामागून म्हणाली. "पण घरात कोणी नाही."